जुन्या एसएमपीएसचा बेंच सप्लाय: पेटी उघडू नको, फ्यूज विसरू नको

भावा, तुझं म्हणणं असं की जुन्या कॉम्प्युटरचा ४५० वॅटचा एसएमपीएस, म्हणजे कॉम्प्युटरला वीज पुरवणारी पत्र्याची पेटी, घरात पडलाय, त्याचा टेबलावर वस्तू तपासायचा बेंच सप्लाय करायचा, तो उघडून त्याच्याच पत्र्यावर टर्मिनल बसवायचे, त्यावर गाडीचे दिवे आणि टेप तपासायचे आणि जमलं तर बॅटरीही चार्ज करायची. दिवे-टेप होईल. बॅटरीचं विसर. आणि पेटी उघडायचा बेत आधी रद्द कर.

मी पहिला केला तेव्हा बोर्ड आत ठेवूनच पत्र्याला भोकं पाडली होती. कीस फुंकून काढला, असं मला वाटलं. प्लग लावला, फट्ट आवाज झाला आणि आतून आईनं विचारलं, "लाइट गेली काय रे?" शिवाय आतल्या मोठ्या कपॅसिटरवर सव्वातीनशेच्या आसपास डीसी व्होल्ट असतात आणि प्लग काढल्यावरही ते काही वेळ टिकू शकतात. त्यापेक्षा सगळ्या वायरी बाहेर वेगळ्या डब्यात घे. वायरमन लोकांचा प्लास्टिकचा जंक्शन बॉक्स पुरतो. ऐटीत करायचं असेल तर उद्यमनगरातल्या एखाद्या वर्कशॉपमध्ये पत्रा वाकवून घे, पण भोकं आधी पाड, वायरी नंतर.

रंग सोपे आहेत. पिवळी १२ व्होल्ट, लाल ५, नारिंगी ३.३, काळी निगेटिव्ह. जांभळीवर प्लग लावल्यापासूनच ५ व्होल्ट असतात, तिच्यावर रेझिस्टर घालून एक एलईडी लाव, म्हणजे सप्लाय जागा आहे हे कळेल. हिरवी काळीला जोडली की सप्लाय चालू होतो, त्यामुळे या दोघींत साधा टॉगल स्विच पुरतो. फसतात ते तपकिरीला. २४ पिनच्या कनेक्टरमध्ये एका नारिंगीबरोबर ही बारीक वायर येते, ३.३ व्होल्ट मोजायला. ती कापून वेगळी टेप मारली की सप्लाय एकतर चालूच होत नाही नाहीतर लगेच बंद पडतो. नारिंगीलाच जोडून टाक.

आता १२ चं. जुन्या सप्लायला ५ व्होल्टवर लोड नसेल तर १२ ची लाइन खाली बसते. माझ्याकडे मीटर ११.३ दाखवत होता आणि मी तासभर टेपला दोष देत होतो. लाल-काळीत १० ओहमचा, १० वॅटचा पांढरा सिमेंट रेझिस्टर टाकला आणि आकडा ११.९ वर आला. त्यातून अर्धा अँपिअर जातो, म्हणजे अडीच वॅट. तरी हाताला चटका बसेल इतका तापतो, म्हणून तो पंख्याच्या वाऱ्यात ठेव, प्लास्टिकला टेकवू नको. नव्या धाटणीच्या सप्लायना बहुतेक हे लागत नाही.

४५० च्या आकड्यावर जाऊ नको, लेबलवर १२ व्होल्टसमोर किती अँपिअर लिहिलेत ते बघ. १६ असतील तर त्या लाइनवर १९२ वॅट, बस्स. पण तेवढेही लई आहेत. मित्राच्या गॅरेजमध्ये आम्ही बाइकच्या इंडिकेटरची वायर लावून बघत होतो, आत कुठंतरी बॉडीला टेकली. वायरीचं प्लास्टिक फुगलं, धूर निघाला, वास पसरला आणि सप्लाय मात्र शांतपणे चालूच. त्याच्या दृष्टीनं काही बिघडलंच नव्हतं, त्याच्या हद्दीतला करंट होता. म्हणून प्रत्येक पॉझिटिव्ह टर्मिनलला वेगळा फ्यूज: दिवे तपासायला गाडीतला ५ अँपिअरचा, छोट्या सर्किटला १ चा. तीन-चार पिवळ्या एकत्र करून एका टर्मिनलला सोल्डरचा डाग दे, तितक्याच काळ्याही घे.

बॅटरी का नाही? १२ व्होल्टची ॲसिडची बॅटरी भरायला चार्जर १४.४ पर्यंत जावा लागतो आणि भरलेली बॅटरी स्वतःच १२.६ च्या पुढे असते. सप्लाय तिला काय देणार? उलट तीच सप्लायमध्ये करंट ढकलेल.

अर्थिंग खरं हवं. काळी वायर पेटीच्या पत्र्याला आणि तिथून तीन पिनच्या अर्थला जोडलेली असते. दोन पिनवर चालवलास तर पत्र्याला हात लावल्यावर मुंग्या येतात. पावसाळ्यात इथल्या ओल्या फरशीवर अनवाणी उभा राहून ते बघायला जाऊ नको. काळी अर्थला जोडलेली असते, याच कारणानं असे दोन सप्लाय सिरीजमध्ये जोडून २४ काढता येत नाहीत, दुसऱ्याचं निगेटिव्ह अर्थमधून शॉर्ट होतं.

व्होल्टेज कमी-जास्त करायचं असेल तर १२ वर व्होल्टेज उतरवणारा एलएम२५९६ चा छोटा मॉड्यूल लाव. तो ३ अँपिअरचा म्हणून विकतात, दोनच्या वर सतत ओढू नको. बारा व्होल्टच्या वर मात्र तो नेणार नाही.

लेबलचा फोटो टाक. फ्यूज किती लावायचे ते बघून सांगतो.