कॅलेथियाचा पहिला उन्हाळा

ताई, तुमच्या कॅलेथियाच्या पानांच्या कडा तपकिरी झाल्या म्हणून खत घालू नका. नवीन लोकांची पहिली चूक हीच, आणि त्याने झाड आणखी बिघडतं. कॅलेथिया मूळचं दक्षिण अमेरिकेतल्या जंगलाच्या तळाचं झाड. त्याला मोठ्या झाडांची सावली आणि दमट हवा लागते. पुण्याच्या एप्रिलमधली कोरडी हवा त्याला सोसत नाही.

सध्या एवढंच करा:

- बोअरचं जड पाणी बंद. पावसाचं साठवलेलं किंवा आरओचं द्या. माझ्या झाडाला सगळ्यात जास्त फरक यानेच पडला. जुनी करपलेली कड हिरवी होणार नाही, नवीन पान कसं येतंय ते बघा.
- बोट पेरभर मातीत घाला. वरचा थर सुकला असेल तरच पाणी, तेही तळातून निथळेपर्यंत. बशीत पाणी साचू देऊ नका, मुळं कुजतात.
- खिडकीपासून थोडं आत ठेवा. थेट उन्हाने पानांवरची नक्षी फिकटते.

पानांवर फवारा मारून दमटपणा टिकत नाही, काही मिनिटांत सगळं उडून जातं. त्यापेक्षा चार कुंड्या जवळजवळ ठेवा. एसीचा झोत मात्र अजिबात नको.

आणि रात्री पानं उभी राहिली तर घाबरू नका, ती त्याची रोजची सवय आहे. दिवसा पानाची सुरळी झाली तर मात्र माती तपासा, बहुतेक वेळा तहानच असते. कुंडी बदलणं, फुटवे वेगळे करणं पावसाळ्यात बघू.