प्लग बोटांनी लावायचा, पान्याने फक्त आवळायचा

प्रश्न : काका, आमची 2014 ची चार सिलिंडरची पेट्रोल हॅचबॅक आहे. 58,000 किलोमीटर झालेत आणि स्पार्क प्लग कंपनीतून आले तेच आहेत. सकाळी चालू केली की मिनिटभर थडथडते. परवा वैभववाडीहून येताना करूळ घाटात तर तिसऱ्या गिअरवर झटके मारत होती. गॅरेजवाल्याने प्लग बदला म्हणून सांगितलं. मजुरीचा आकडा ऐकून मी म्हटलं, आपणच बदलू. वरचं झाकण काढून बघितलं तर प्लगच्या वायरी कुठेच नाहीत, चार काळ्या कॉइल दिसतात. सासरे म्हणतात, "इंजिनाला हात लावू नकोस, हजाराचं काम पन्नास हजारांना पडेल." हात लावू की नको? — एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : लावा ताई. पण सासऱ्यांचं बोलणं उडवून लावू नका, कारण त्यांना ज्याची भीती वाटते ते मी स्वतः करून बसलोय.

1989 साली मी गॅरेजात नवा होतो. एका मारुती 800 चा मधला प्लग लावत होतो. जेवायची सुट्टी झालेली, बाकीची पोरं हात धुवायला गेलेली. प्लग आधी बोटांनी फिरवायचा हे मला शिकवलेलं होतं, तरी घाईत मी पहिल्यापासून पानाच घातला. अर्धा फेरा जड गेला, थोडा आणखी जड गेला, आणि मग एकदम हलका झाला. तो हलकेपणा मनगटाला कळला आणि पोटात गोळा आला. प्लग पोलादाचा, तो ज्यात बसतो ते इंजिनाचं हेड ॲल्युमिनियमचं. आटे कुणाचे जाणार हे सांगायला नको. हेड उतरवलं, सायकलच्या कॅरिअरला बांधून उद्यमनगरात लेथवाल्याकडे नेलं. त्याने भोक मोठं करून त्यात बुश बसवला आणि नवे आटे पाडले. पैसे तीन महिने माझ्या पगारातून कापले गेले. जेवण त्या दिवशी राहिलंच.

म्हणून तुमच्या या कामात नाजूक जागा एकच आहे, ती म्हणजे प्लगचे पहिले दोन-तीन फेरे. बाकी सगळं कुकरची रिंग बदलण्याइतकं सोपं.

सामान सांगतो. प्लगची गोटी, म्हणजे सॉकेट, जिच्या आत प्लग धरून ठेवायला रबर किंवा लोहचुंबक असतं. हल्लीच्या बऱ्याच गाड्यांना ती 16 मिलिमीटरची लागते, जुन्या गाड्यांना 21 ची लागायची. कॉइलच्या (प्लगला ठिणगीची वीज पुरवणाऱ्या त्या काळ्या पेटीच्या) बोल्टसाठी बहुतेक ठिकाणी 10 ची गोटी, गोटी फिरवायला एक रॅचेट, सहा इंची एक्स्टेन्शन आणि फट मोजायच्या पातळ पात्यांचा फीलर गेज. शिवाय पेट्रोलच्या रबरी नळीचा वीतभर तुकडा. हा तुकडा कुठल्याही टूलकिटमध्ये मिळत नाही, पण माझ्या मते सगळ्यात मोलाचा तोच. प्लग घेताना गाडीच्या मॅन्युअलमध्ये जो नंबर लिहिलाय तोच घ्या. दुकानदार "हाच चालतो" म्हणाला तरी नंबर जुळवा. त्या नंबरात आट्याची जाडी, लांबी आणि प्लग किती गरम चालणार हे सगळं असतं. त्यात एक गंमत आहे. एनजीकेच्या प्लगमध्ये आकडा वाढला की प्लग थंड, बॉशच्या प्लगमध्ये आकडा वाढला की प्लग गरम. कंपनी बदलून नुसता आकडा जुळवायला गेलात की फसलात. (आमच्या वेळी ही भानगड नव्हती. प्लग मागितला की दुकानदार मायको काढून ठेवायचा. बेंगळुरूची ती कंपनी 2008 पासून बॉश या नावाने चालते.)

आता काम. इंजिन पूर्ण थंड हवं. रात्री गाडी लावली की सकाळी चहाच्या आधी हे उरकायचं. गरम हेडमधून प्लग काढायला गेलात तर आटे ओरबाडून निघायची भीती असते. किल्ली काढून खिशात ठेवा. चारही कॉइल एकदम काढू नका, एकावेळी एकच सिलिंडर धरा, म्हणजे कुठला कनेक्टर कुठे हा घोळ होत नाही. कनेक्टरची प्लास्टिकची जिभली दाबून तो ओढायचा. दहा वर्षं इंजिनाच्या उष्णतेत भाजून ती जिभली पापडासारखी झालेली असते, तेव्हा स्क्रू-ड्रायव्हरने उचकटू नका. बोल्ट काढला की कॉइल आधी डावी-उजवीकडे जराशी पिळा, खालचं रबर सुटेल, मग सरळ वर ओढा.

कॉइल निघाली की खाली खोल विहीर दिसते आणि तिच्या तळाशी प्लग. इथे थांबा. त्या विहिरीत धूळ आणि बारीक खडे साचलेले असतात. प्लग काढला की ते सगळं थेट सिलिंडरमध्ये पडणार. आधी हवा मारा. सायकलचा पंपही चालतो, डोळे मात्र बाजूला ठेवा. मग गोटी घालून प्लग सोडवा. पहिला झटका जोरात लागतो, "टक्" असा आवाज येतो, घाबरू नका. पण पुढेही प्लग जडच येत असेल तर रेटू नका. गंज सोडवणाऱ्या स्प्रेचे दोन थेंब टाका, अर्धा तास थांबा, मग थोडा घट्ट-थोडा सैल असं मागेपुढे करत काढा.

निघालेला प्लग फेकू नका. पेपर पसरा, त्यावर बेल्टच्या बाजूने एक-दोन-तीन-चार लिहा आणि ज्याचा प्लग त्याच्या आकड्यावर ठेवा. आमचे उस्ताद याला प्लगचं पंचांग म्हणायचे. टोक फिकट तपकिरी किंवा राखाडी असेल तर त्या सिलिंडरचं बरं चाललंय. कोरडी काळी काजळी असेल तर पेट्रोल जास्त जातंय किंवा एअर फिल्टर गुदमरलाय. गाडी फक्त शाळा आणि मंडई अशी दोन-दोन किलोमीटर फिरत असेल तरी हेच दिसतं. प्लगचं टोक साधारण 450-500 अंशांच्या वर तापलं तरच ते आपली काजळी आपण जाळतं, आणि तेवढं तापायला त्याला वेळच मिळत नाही. टोक ओलं, काळं आणि तेलकट असेल तर इंजिन ऑइल आत येतंय. तो प्लगचा आजार नाही, व्हॉल्व्हच्या सीलचा नाहीतर पिस्टनच्या रिंगांचा. टोक पांढरंफटक, त्यावर बारीक फोड आलेले, तर इंजिन कुठेतरी जास्त तापतंय. तेव्हा मेकॅनिकला दाखवा. आणि वरच्या पांढऱ्या चिनी मातीवर, पत्र्याच्या लगत, तपकिरी वलय दिसलं तर लोक "गॅस लीक, गॅस लीक" म्हणून ओरडतात. तसं काही नसतं. उच्च दाबाच्या विजेपाशी हवेतले तेलाचे कण चिकटून तो डाग पडतो.

तुमच्या प्लगांचा गॅप, म्हणजे ठिणगी जिथून उडते ती टोकाची फट, मोजलात तर घाटात झटके का बसले हे कळेल. साठच्या वेगाने, अडीच हजार फेऱ्यांवर गाडी चालली की प्रत्येक प्लग किलोमीटरमागे 1,250 वेळा ठिणगी टाकतो. 58,000 किलोमीटरांचा हिशेब सव्वासात कोटींवर जातो. दर ठिणगीला धातूचा कणभर भाग जातो, धारदार कडा गोल होतात, फट वाढते. फट वाढली की ठिणगीला जास्त व्होल्ट लागतात, आणि घाटात पाय दाबला की सिलिंडरमधला दाब वाढून ती मागणी आणखी वाढते. कॉइलला ते पुरवता आलं नाही की ठिणगी चुकते आणि गाडी मिसिंग मारते. साधे निकेलचे प्लग 20 ते 40 हजार किलोमीटर चालतात, इरिडियमचे बरेच जास्त. तुमचे साधे असतील तर त्यांनी कधीच रजा मागितली होती.

नवा प्लग लावण्याआधी गॅप तपासा. मॅन्युअलमध्ये आकडा असतो, हल्ली बहुधा 0.8 ते 1.1 मिलिमीटरच्या दरम्यान. पूर्वी आम्ही करवतीचं तुटकं पातं घालून गॅप बघायचो, ते साधारण 0.6 चं. अजूनही काही जुने मेकॅनिक खिशातून पातं काढतात, त्यांना नमस्कार करा आणि फीलर गेजच वापरा. इरिडियमचं मधलं टोक सुईसारखं बारीक असतं, त्याला गेज रेटू नका, तारेचा ब्रश तर अजिबात नको.

आणि आता ती नळी. प्लगच्या वरच्या टोकाला नळीचा तुकडा घट्ट बसवा, प्लग विहिरीत सोडा आणि नळी दोन बोटांत धरून आधी उलटी, म्हणजे सोडवायच्या दिशेने, हळू फिरवा. एका ठिकाणी प्लग किंचित खाली टपकल्यासारखा वाटेल. तिथे आट्याला आटा मिळाला. तिथून सुलट फिरवा. सरळ बसत असेल तर प्लग लोण्यात गेल्यासारखा फिरत जातो. वाकडा बसला तर नळीच प्लगवरून घसरते, तुमचं हेड वाचतं. 1989 साली माझ्या खिशात हा तुकडा असता तर तीन पगार वाचले असते.

प्लग बोटांनी तळाला टेकला की मगच पाना. टॉर्क पाना, म्हणजे आवळायचा जोर मोजणारा पाना, असेल तर 14 मिलिमीटर आट्याच्या प्लगला 25 ते 30 न्यूटन-मीटर, 12 च्या प्लगला 15 ते 20. नसेल तर वॉशरवाला नवा प्लग टेकल्यावर अर्धा ते पाऊण फेऱ्याच्या आत थांबा. वॉशर चेपला जातोय हे हाताला कळतं. जुना प्लग परत लावत असाल तर वॉशर आधीच चेपलेला असतो, मग घड्याळाच्या पाच मिनिटांएवढंच फिरवायचं. आट्यांना ग्रीस किंवा ऑइल लावू नका. नव्या प्लगवर मुलामा असतो, आणि वंगण लागलं की तोच जोर लावूनही तो प्रमाणाबाहेर आवळला जातो.

कॉइल दाबून बसवा, बोल्ट लावा, कनेक्टरचा "क्लिक" ऐका. चारही झाल्यावर गाडी चालू करा. तरीही थडथडत असेल तर आधी एखादा क्लिक राहिलाय का बघा. तो नसेल तर मिसिंग मारणाऱ्या सिलिंडरची कॉइल शेजारच्या कॉइलशी बदला. मिसिंगही सिलिंडर बदलून गेलं तर कॉइल गेलीय. इंजिनचा पिवळा दिवा लुकलुकायला लागला तर मात्र गाडी पुढे रेटू नका. न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरमधल्या, धूर साफ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळतं, आणि सासऱ्यांचा पन्नास हजारांचा आकडा तिथे खरा ठरू शकतो.

प्रश्न : प्लग काढले तर दोन नंबरची विहीर इंजिन ऑइलने भरलेली होती. पिस्टन गेला का? — एक वाचक, सांगली

उत्तर : नाही हो. विहिरीतलं तेल म्हणजे टॅपेट कव्हरच्या (हेडवरच्या झाकणाच्या) पॅकिंगची नाहीतर विहिरीच्या गोल सीलची गळती. प्लगच्या खालच्या टोकाला तेल असतं तर काळजी होती, वर असेल तर रबराचं काम आहे. तेल कपड्याने टिपून घ्या, मगच प्लग काढा. पॅकिंग लवकर बदला, कारण तेलाने कॉइलचं रबर फुगतं आणि वीज बाजूला उडी मारते.

प्रश्न : माझी गाडी सीएनजीवर मिसिंग मारते, पेट्रोलवर टाकली की ठणठणीत. मेकॅनिक म्हणतो प्लग बदला. पेट्रोलवर नीट चालते म्हणजे प्लग नीटच ना? — एक वाचक, पिंपरी

उत्तर : मेकॅनिक बरोबर आहे. गॅस पेटवायला पेट्रोलपेक्षा जास्त व्होल्ट लागतात. प्लग झिजायला लागला की पहिली तक्रार गॅसवरच येते, पेट्रोल आणखी काही महिने निभावून नेतं. सीएनजी गाडीला प्लग लवकर बदलावे लागतात हे धरूनच चला. कंपनीतून सीएनजी बसवून आलेली गाडी असेल तर गॅप तिच्या मॅन्युअलप्रमाणे ठेवा, रिक्षास्टँडवरच्या सल्ल्याप्रमाणे नाही.

प्रश्न : वडिलांची 1996 ची मारुती 800 आहे. प्लग साफ करायला तिन्ही वायरी काढल्या, आता कुठली कुठे ते आठवत नाही. चालू केली की फटाके फुटतात. — एक वाचक, सावंतवाडी

उत्तर : या इंजिनाचा ठिणगीचा क्रम 1-3-2 आहे. एक नंबरचा पिस्टन कॉम्प्रेशनवर वर आणा, डिस्ट्रिब्युटरचा, म्हणजे प्लगांना वीज वाटणाऱ्या डब्याचा, आतला फिरता रोटर ज्या टोकाकडे बघतोय ती वायर एक नंबरला. तिथून रोटर ज्या दिशेने फिरतो त्या दिशेने पुढची वायर तीनला, त्यापुढची दोनला. वायर काढताना टोपी धरून काढा, वायरच ओढली तर आतली तार तुटते आणि बाहेरून दिसतही नाही. पुढच्या वेळी प्रत्येक वायरीला नेलपॉलिशचे ठिपके द्या, एक, दोन, तीन.

प्रश्न : आमच्या डिझेल जीपचे स्पार्क प्लग सापडत नाहीत. एक सापडला, तो काढून फोटो पाठवतोय. — एक वाचक, बार्शी

उत्तर : डिझेलला स्पार्क प्लग नसतात. तिथे हवा दाबून इतकी तापते की डिझेल आपोआप पेटतं. थंडीत सुरू व्हायला मदत म्हणून हीटर प्लग असतात, ते वेगळे. आणि फोटोतला हीटर प्लगही नाही, तो पाण्याच्या तापमानाचा सेन्सर आहे. काढलात तिथेच परत लावा आणि रेडिएटरमधलं पाणी तपासा, थोडं सांडलं असणार.