पैसे भरून उघडायची पेटी: खरेदी की जुगार?

ऑनलाइन गेममधल्या लूट बॉक्सबद्दल, म्हणजे पैसे देऊन उघडायच्या पण आत काय आहे ते आधी न कळणाऱ्या पेट्यांबद्दल, आलेल्या पत्रांतले निवडक प्रश्न.

प्रश्न: माझा तेरा वर्षांचा मुलगा गेममध्ये पैसे भरून पेट्या उघडतो. हा जुगार आहे म्हटलं की तो म्हणतो, ‘प्रत्येक पेटीतून काहीतरी मिळतंच. हरायचा प्रश्नच नाही, मग जुगार कसा?’ त्याला काय सांगू? (एक पालक)

उत्तर: तुमचा मुलगा जे म्हणतो तेच गेम-उद्योगही म्हणत आला आहे. गेमना वयोगट ठरवून देणाऱ्या अमेरिकेतल्या ईएसआरबी या संस्थेने २०१७मध्ये नेमकं हेच कारण देऊन लूट बॉक्सला जुगार म्हणायला नकार दिला होता. पण एखाद्या सोडतीत प्रत्येक तिकिटामागे एक पेन्सिल दिली, तर ती सोडत राहत नाही का? तिकीट कुणीच पेन्सिलीसाठी घेत नाही. पेटीतही साधा रंग किंवा तिसऱ्यांदा आलेलं तेच स्टिकर म्हणजे ती पेन्सिल. पैसे दिलेले असतात दुर्मिळ वस्तूच्या आशेवर.

बहुतेक कायदे तीन गोष्टी तपासतात. काही मोल द्यावं लागलं का, निकाल नशिबावर ठरला का, आणि जे मिळालं त्याला पैशात किंमत आहे का. विकत घेतलेल्या पेटीत पहिल्या दोन गोष्टी असतातच. सगळा वाद तिसरीवर आहे. मिळालेली स्किन, म्हणजे पात्राचं किंवा शस्त्राचं वेगळं रूप, खात्यातून बाहेर काढताच येत नसेल तर ती ‘बक्षीस’ ठरत नाही, असं ब्रिटनचा २००५चा जुगार कायदा वाचला की दिसतं, कारण त्यात बक्षीस म्हणजे पैसा किंवा पैशाच्या मोलाची वस्तू. त्यामुळे तिथे बहुतेक लूट बॉक्स कायद्याच्या बाहेर राहिले.

मुलाशी बोलताना मात्र कायद्यापासून सुरुवात करू नका. त्याला एवढंच विचारा: ‘पेटीतून जे निघालं ते थेट दुकानात त्याच किमतीला ठेवलं असतं, तर तू घेतलं असतंस का?’ शेवटच्या दहा पेट्यांची यादी त्याच्याबरोबर बसून करा आणि प्रत्येक वस्तूपुढे हो किंवा नाही लिहा.

प्रश्न: एकच गेम बेल्जियममध्ये बेकायदा आणि शेजारच्या नेदरलँड्समध्ये चालतो, असं वाचलं. हे कसं काय? (कायद्याची विद्यार्थिनी)

उत्तर: व्याख्येतल्या दोन-चार शब्दांमुळे. बेल्जियमच्या १९९९च्या कायद्यात लाभ ‘कोणत्याही स्वरूपाचा’ चालतो, तो पैशात मोजता आलाच पाहिजे असं नाही. तिथल्या जुगारावर देखरेख ठेवणाऱ्या गेमिंग कमिशनने एप्रिल २०१८मध्ये ‘फिफा १८’, ‘ओव्हरवॉच’ आणि ‘काउंटर-स्ट्राइक: ग्लोबल ऑफेन्सिव्ह’ या गेममधल्या पैशाच्या पेट्या जुगार ठरवल्या. ‘फिफा’ची कंपनी इलेक्ट्रॉनिक आर्ट्सने त्यानंतर जानेवारी २०१९अखेर तिथे फिफा पॉइंट्सची, म्हणजे पेट्या घ्यायच्या गेममधल्या चलनाची, विक्री थांबवली.

नेदरलँड्सच्या नियामकाने याच कंपनीला १ कोटी युरोपर्यंतचा दंड लावला होता. ९ मार्च २०२२ रोजी तिथल्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने तो रद्द केला. ‘फिफा’तल्या पेट्या, म्हणजे फुटबॉलपटू मिळणारी पाकिटं, उघडणं हा स्वतंत्र खेळ नाही, ती बहुतांशी फुटबॉलच्या खेळातच मिळतात आणि तिथेच वापरली जातात, आणि तो खेळ कौशल्याचा आहे, असा निकाल. तर्क कायद्याला धरून आहे, पण पाकीट फोडणाऱ्याच्या बाजूने पाहिलं तर अपुरा वाटतो. ज्याने पाकिटामागून पाकीट फोडलं, त्याला त्या क्षणी कौशल्याचा काहीही उपयोग नसतो.

काही देशांनी ‘जुगार की नाही’ या प्रश्नाला वळसा घातला. जपानने २०१२मध्ये ‘कम्प्लीट गाचा’ बंद केला, म्हणजे नशिबाने मिळणाऱ्या वस्तूंचा पूर्ण संच जमवला तरच मोठं बक्षीस, हा प्रकार. चीनने मे २०१७पासून प्रत्येक वस्तूची शक्यता जाहीर करायला लावली, दक्षिण कोरियाने मार्च २०२४पासून. ऑस्ट्रेलियात सप्टेंबर २०२४पासून पैशाच्या लूट बॉक्सच्या नव्या गेमना किमान ‘एम’ हा दर्जा मिळतो. तो पंधरा वर्षांखालच्यांसाठी शिफारस केलेला नाही, पण बंदीही नाही.

प्रश्न: शक्यता १ टक्का लिहिली होती. शंभर पेट्या उघडल्या, वस्तू आली नाही. ही फसवणूक नाही का? (एक खेळाडू)

उत्तर: एवढ्यावरून फसवणूक म्हणता येणार नाही. ‘१ टक्का’ म्हणजे ‘शंभरात एक नक्की’ असं नव्हे. वेगळी हमी दिलेली नसेल तर प्रत्येक पेटी आधीच्या पेट्या विसरून नव्याने फासा टाकते. एका पेटीत वस्तू न येण्याची शक्यता ०.९९. हा आकडा शंभर वेळा स्वतःशीच गुणला की सुमारे ०.३७ येतो. म्हणजे शंभर पेट्या उघडणाऱ्या दर शंभर जणांतले साधारण ३७ जण तुमच्यासारखेच रिकाम्या हाताने परततात. निम्मी शक्यता गाठायला ६९ पेट्या लागतात, ९० टक्क्यांना २३०, आणि ९९ टक्क्यांना ४५९. शेवटची थोडीशी खात्री फार महाग पडते.

संच जमवायचा असेल तर हिशेब आणखी बिघडतो. समान शक्यतेच्या २० वस्तू असतील तर सगळ्या मिळायला सरासरी ७२ पेट्या लागतात, आणि त्यातल्या २० एकट्या शेवटच्या वस्तूवर जातात. तोवर हाती येतं ते बहुतेक आधीचंच. जपानने नेमका हा प्रकार का बंद केला ते इथे कळतं.

शक्यतांचा तक्ता वाचताना तीन ठिकाणी चूक होते. एक, टक्का वस्तूचा आहे की गटाचा? ‘दुर्मिळ: ३ टक्के’ असेल आणि त्या गटात बारा वस्तू समान शक्यतेच्या असतील, तर तुमची वस्तू पाव टक्क्यावर आली. दोन, त्या टक्क्यात हमीचा भाग मिसळला आहे का? ‘गेन्शिन इम्पॅक्ट’मध्ये पंचतारांकित, म्हणजे सर्वांत दुर्मिळ दर्जाच्या, पात्राची मूळ शक्यता ०.६ टक्के, पण नव्वदाव्या प्रयत्नाला ते नक्की मिळतं. ती हमी धरून सरासरी १.६ टक्के होते. दोन्ही आकडे खरे आहेत, मोठा तेवढा लक्षात राहतो. तीन, हमी कशाची? तिथे पहिलं पंचतारांकित पात्र जाहिरातीतलंच असेल असं नाही. ते हुकलं तर पुढचं नक्की तेच. म्हणून अंदाजपत्रक करताना ९० नव्हे, १८० प्रयत्न धरा.

आणि तक्ताच खोटा असेल तर? तसंही घडलं आहे. जानेवारी २०२४मध्ये दक्षिण कोरियाच्या स्पर्धा आयोगाने नेक्सॉन कंपनीला सुमारे ११.६ अब्ज वॉनचा दंड केला. तिच्या ‘मेपलस्टोरी’ या गेममधल्या पैशाच्या वस्तूंमधून चांगले गुण निघण्याची शक्यता खेळाडूंना न सांगता कमी केली होती आणि काही गुण तर एकत्र निघणंच अशक्य होतं. हे घरी बसून सिद्ध करता येत नाही, त्यासाठी हजारो पेट्यांची नोंद लागते. तुमच्या शंभरांनी काहीच ठरणार नाही.

प्रश्न: रत्नं, स्फटिक, नाणी यांच्या गोंधळात एका पेटीचे खरे पैसे किती, ते कसं काढायचं? (एक पालक)

उत्तर: चलन मध्ये घालण्याचा हेतूच तो आहे, त्यामुळे कागदावर उलटं जा. वस्तूपासून सुरुवात करा. वरचंच ‘गेन्शिन इम्पॅक्ट’चं उदाहरण घेऊ. एका प्रयत्नाला १६० रत्नं. वाईटात वाईट १८० प्रयत्न, म्हणजे २८,८०० रत्नं. सर्वांत मोठा संच ६,४८० स्फटिकांचा, वर नेहमीचा बोनस १,६००, मिळून ८,०८०. एका स्फटिकाचं एक रत्न होतं. असे चार संच लागतात. अमेरिकेत एकाची किंमत ९९.९९ डॉलर. म्हणजे एका पात्रासाठी जवळपास ४०० डॉलर बाजूला ठेवायची तयारी हवी. आधीची शिल्लक किंवा खेळून मिळवलेली रत्नं असतील तर ती वजा करा.

संचांच्या आकड्यांकडेही पाहा. ९८० स्फटिकांच्या संचात नेहमीचा बोनस ११० धरून १,०९० मिळतात. त्यात सहा प्रयत्न होतात आणि १३० उरतात. ते उरलेले १३० वाया जाऊ नयेत म्हणून पुढचा संच घेतला जातो. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने जानेवारी २०२५मध्ये याच गेमच्या कंपनीविरुद्ध तक्रार केली तेव्हा चलनाचा हा गुंता आणि शक्यतांबद्दलची दिशाभूल हे त्यातले मुख्य मुद्दे होते. कंपनीने २ कोटी डॉलर भरायचं मान्य केलं, आणि सोळा वर्षांखालच्यांना पालकांच्या संमतीशिवाय लूट बॉक्स न विकण्याचंही.

प्रश्न: ‘आणखी एकच’ म्हणत थांबता येत नाही. यात माझाच दोष आहे का? (नाव नको)

उत्तर: नाही. बक्षीस केव्हा येईल ते ठाऊक नसलं की वागणं सर्वांत चिवट होतं, हे स्किनर या मानसशास्त्रज्ञाच्या प्रयोगांपासून माहीत आहे. जुगाराच्या यंत्रांची बांधणी त्यावरच आहे. पेटी उघडताना चाक हवी ती वस्तू ओलांडून जेमतेम पुढे थांबतं तेव्हा ‘थोडक्यात हुकलं’ असं वाटतं. खरं तर निकाल चाक फिरायच्या आधीच ठरलेला असतो, पुढचं सगळं चित्र आहे.

डेव्हिड झेंडल आणि पॉल केर्न्स यांनी २०१८मध्ये ७,४२२ खेळाडूंची पाहणी प्रसिद्ध केली. जुगाराचा त्रास जितका जास्त, तितका लूट बॉक्सवरचा खर्च जास्त, असा संबंध त्यात दिसला. पेट्यांमुळे जुगार लागतो की जुगाराकडे ओढा असणारे पेट्यांकडे वळतात, हे अशा पाहणीतून ठरत नाही. पण दोन्ही शक्यतांत तोटा त्याच माणसाचा आहे.

आज करण्यासारखं: खात्यातून कार्ड काढून टाका. प्रत्येक वेळी आकडे टाइप करावे लागले की मध्ये विचाराला जागा मिळते. मुदतीच्या ऑफरच्या सूचना बंद करा. उसने पैसे, लपवाछपवी किंवा गेलेले पैसे ‘वसूल’ करण्यासाठी खरेदी, यातलं काहीही होत असेल तर जुगाराच्या व्यसनावर काम करणाऱ्या समुपदेशकाकडे जा. ‘हा काही खरा जुगार नाही’ म्हणून संकोचू नका, उपचार तोच लागू पडतो.

प्रश्न: मुलाने माझ्या फोनवरून खरेदी केली. आता काय? (एक पालक)

उत्तर: आधी परतावा मागा. गूगल प्लेवर ४८ तासांच्या आत मागणं सोपं जातं. ॲपलकडे ‘रिपोर्ट अ प्रॉब्लेम’ या पानावरून मागणी करता येते. मिळालेली वस्तू वापरू नका. थेट बँकेकडून पैसे उलटवायला गेलात तर गेमचं खातं बंद होऊ शकतं, म्हणून तो मार्ग शेवटचा.

मग कुलूप. आयफोनवर सेटिंग्ज, स्क्रीन टाइम, कंटेंट अँड प्रायव्हसी रिस्ट्रिक्शन्स, आणि तिथल्या खरेदीच्या विभागात इन-ॲप परचेसेस बंद. स्क्रीन टाइमचा पासकोड फोनच्या पासकोडपेक्षा वेगळा हवा. अँड्रॉइडवर प्ले स्टोअरच्या सेटिंग्जमध्ये प्रत्येक खरेदीला पडताळणी लावा. हे करूनही फसतं ते दोन कारणांनी. मुलाचा अंगठा तुमच्या फोनमध्ये नोंदलेला असतो, तो काढा. आणि बऱ्याच गेमची स्वतःची टॉप-अप, म्हणजे चलन भरायची, वेबसाइट असते. तिथे साठवलेल्या कार्डाला फोनचं कुलूप अडवत नाही.

प्रश्न: आत काय आहे ते आधी दाखवणारी पेटी आणि बॅटल पास, हेही त्यातच येतात का? (एक खेळाडू)

उत्तर: बॅटल पास म्हणजे ठरावीक मुदतीत खेळून टप्प्याटप्प्याने बक्षिसं मिळवायची, पैसे भरून घेतलेली योजना. तिच्यात बक्षिसांची यादी आधी दिसते, म्हणून तो लूट बॉक्समध्ये येत नाही. वेळेत पूर्ण करण्याचा ताण मात्र असतो.

दाखवणारी पेटी फसवी आहे. फ्रान्समध्ये ‘काउंटर-स्ट्राइक’ने २०१९मध्ये एक्स-रे आणला. आतली वस्तू दिसते, पण पुढच्या पेटीत काय आहे ते पाहायचं तर समोरची नकोशी वस्तू आधी विकत घ्यावी लागते. नशीब एका पेटीने पुढे सरकवलं, एवढाच फरक.