कंपनीने बसवून दिलेला हात कंपनी परत मागू शकते का?

प्रश्न : मी नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात पॉवर प्रेसवर कायम कामगार आहे. पगार ओव्हरटाइम सोडून 24,000. ऑगस्ट 2024 मध्ये उजवा हात प्रेसमध्ये सापडला, कोपराखाली कापावा लागला. तेव्हा माझं वय 30 होतं. हॉस्पिटलचं बिल कंपनीने भरलं, डिसेंबरमध्ये साडेतीन लाखांचा बायोनिक हातही बसवून दिला आणि 500 रुपयांच्या स्टॅम्पपेपरवर सही घेतली. त्यात लिहिलंय : हात कंपनीच्या मालकीचा, नोकरी सुटली की परत करायचा, मला आणखी काही मागता येणार नाही, मशीनचा गार्ड मीच काढला होता. आता सोळा महिन्यांनी, उत्पादन कमी पडतं म्हणून राजीनामा मागताहेत. हात स्टोअरला जमा करा, नाहीतर ॲपवरून बंद करू, असं एचआरवाले म्हणतात. काय करू?

उत्तर : हात काढून देऊ नका आणि राजीनामा लिहू नका. आजच्यापुरतं एवढंच.

तुमच्या पत्रात सगळी काळजी हाताची आहे, नुकसानभरपाईबद्दल एक ओळ नाही. कंपनीच्या हे पथ्यावरच पडतंय. साडेतीन लाखांच्या हातावरून भांडत राहिलात, तर त्याच्या तिप्पट-पाचपट रकमेचा दावा मुदतीबाहेर जाईल. दाव्याची मुदत अपघातापासून दोन वर्षं, म्हणजे ऑगस्ट 2026 पर्यंत. उशीर माफ होऊ शकतो, पण त्या भरवशावर बसू नका.

अपघाताच्या वेळी तुमचा पगार 21,000 च्या वर, म्हणून तेव्हा तुम्ही ईएसआयच्या, म्हणजे कामगार राज्य विमा योजनेच्या, बाहेर. (आत असतात तर कंपनीने वर्गणी भरलेली असो वा नसो, ईएसआयचाच रस्ता धरावा लागला असता.) सामाजिक सुरक्षा संहिता 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झाली, पण तुमचा अपघात त्याआधीचा. म्हणून हिशेब 1923 च्या कर्मचारी नुकसानभरपाई कायद्याने. या कायद्यात पगार कितीही जास्त असला तरी महिन्याला 15,000 च धरतात. त्याचे 60 टक्के 9,000. त्याला वयाच्या गुणांकाने गुणायचं, 30 वर्षांसाठी तो 207.98. झाले 18,71,820. ही संपूर्ण कायम अपंगत्वाची रक्कम. कायद्याच्या परिशिष्टात कोणत्या इजेला किती टक्के याची यादी आहे, तिच्याप्रमाणे हात गेला की त्यातले 60 टक्के मिळतात, म्हणजे 11,23,092.

इथे टेप घेऊन बसा. कोपराच्या टोकापासून उरलेला भाग 11.43 सेंटिमीटरपेक्षा, म्हणजे साडेचार इंचांपेक्षा कमी असेल, तर 60 नाही, 70 टक्के. फरक 1,87,182 रुपयांचा. डिस्चार्ज कार्डावर नुसतं ‘कोपराखाली’ असेल तर सर्जनकडून लांबी सेंटिमीटरमध्ये लिहून घ्या. यावर भांडण दाव्याच्या वेळी सुरू होतं, तेव्हा कागद हाताशी लागतो.

त्याही पुढे जाता येतं. 1975 मध्ये सर्वोच्च न्यायालयासमोर एका सुताराचं प्रकरण होतं, डावा हात कोपराच्या वर गेलेला. सुतारकाम एका हाताने होत नाही, म्हणून न्यायालयाने कमाईची क्षमता शंभर टक्के गेली असं धरलं. प्रेस ऑपरेटरचं काम याहून वेगळं नाही. प्रेसची दोन हातांनी एकाच वेळी दाबायची बटणं स्पर्शाने चालणारी असतील, तर सिलिकॉनचा ग्लोव्ह घातलेला हात त्यांना कळतही नाही. कंपनी म्हणेल, बायोनिक हात दिला, क्षमता परत आली. परिशिष्टातली टक्केवारी जखमेची आहे. कृत्रिम हात बसवला म्हणून ती कमी करण्याची तरतूद त्यात नाही. उपचारावर केलेला खर्च भरपाईत धरायचा नाही, हेही कायद्यात स्पष्ट आहे.

आणि ‘उत्पादन कमी पडतं’ असं पत्र किंवा मेमो मिळाला असेल, तर तो जपून ठेवा. तुमची क्षमता गेली, हे समोरच्यानेच लिहून दिलंय. मात्र त्या मेमोला रागाच्या भरात ‘मी प्रेस पूर्वीसारखीच चालवतो’ असं उत्तर देऊ नका, स्वतःच्याच दाव्यावर पाणी पडेल. उत्तरात मागा ते दुसरं काम : तपासणी, पॅकिंग, स्टोअर. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या भाषेत याला वाजवी सोय म्हणतात. खासगी कंपनीत ती मिळेलच याची मी खात्री देत नाही, पण मागणी लेखी हवी.

स्टॅम्पपेपरचं म्हणाल, तर ‘आणखी काही मागणार नाही’ हे वाक्य नुकसानभरपाई कायद्याच्या कलम 17 प्रमाणे निरर्थक आहे. भरपाईचा हक्क कराराने सोडता येत नाही. नुकसानभरपाई आयुक्तांकडे नोंद न केलेल्या तडजोडीने तर मालकाची जबाबदारी कमी होतच नाही. खरी पाचर आहे ती गार्डच्या वाक्यात. सुरक्षेचं साधन कामगाराने जाणूनबुजून काढलं असेल तर मालकाला बचाव मिळतो. पण मृत्यू किंवा संपूर्ण कायम अपंगत्व असेल तर हा बचाव चालत नाही. शंभर टक्क्यांचा मुद्दा सुरुवातीपासून मांडा म्हणतो, ते यासाठीही. अपघातानंतर कंपनीने औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाला काय कळवलं, ते माहिती अधिकारात दहा रुपये भरून मागवा. त्यात गार्डचा उल्लेख नसेल आणि चार महिन्यांनंतरच्या स्टॅम्पपेपरवर तो अचानक उगवला असेल, तर पुढचं वकील बघून घेईल.

आता हात. मालकीच्या मुद्द्यावर तुमची बाजू कच्ची आहे, हे मान्य करू. बिल कंपनीच्या नावे, सही तुमची. तो उपचाराचाच भाग होता आणि उपचाराचा खर्च मालकाने द्यायचाच असतो, असा युक्तिवाद करता येतो. जिंकेलच असं नाही. पण मालकी असणं वेगळं आणि गेटवर हात उतरवून घेणं वेगळं. वस्तू परत हवी तर कंपनीने दिवाणी न्यायालयात जावं. दिव्यांग हक्क कायद्याचं कलम 92 (ङ) सांगतं की दिव्यांग व्यक्तीच्या अवयवाच्या किंवा सहायक साधनाच्या वापरात जाणूनबुजून अडथळा आणणं हा गुन्हा आहे, शिक्षा सहा महिने ते पाच वर्षं. साधन कोणाच्या मालकीचं, असा शब्द त्या कलमात नाही. ॲपवरून हात बंद करणं हा माझ्या मते सरळसरळ वापरातला अडथळा आहे.

म्हणून पहिलं पत्र कंपनीला नाही, हात बनवणाऱ्याला पाठवा, ईमेल आणि रजिस्टर्ड पोस्ट दोन्हीने. त्यात हाताचा सिरियल नंबर, हात तुमच्या अंगावर आहे हे, कलम 92 चा उल्लेख, आणि मागणी : वापरणाऱ्याचं खातं माझ्या नावे करा, माझ्या लेखी संमतीशिवाय दुरून काहीही बंद करू नका. तुमच्या एचआरपायी फौजदारी अंगावर घ्यायचं त्यांना काहीच कारण नाही. पकडींच्या सेटिंगचे आणि बॅटरीच्या पानाचे स्क्रीनशॉट तारखेसह काढून ठेवा. त्याच पत्राची प्रत कंपनीला द्या. तरीही हात बंद पडला, तर त्याच दिवशी अंबड पोलीस ठाण्यात लेखी तक्रार. घेतली नाही तर पोलीस आयुक्तांना पोस्टाने. पुण्याच्या दिव्यांग कल्याण आयुक्तांनाही प्रत पाठवा. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या मागे लागू नका, तिथे ‘मालकाची परवानगी’ हा शब्द तुम्हाला आडवा येतो.

दिवसात किती वेळा मूठ वळली, ही ॲपमधली माहिती एचआर पाहत असेल, तर दिलेली संमती लेखी मागे घ्या. ती आरोग्याची संवेदनशील माहिती आहे.

हात मिळाला म्हणून खर्च संपत नाही. कापलेला भाग आकसत जातो, सॉकेट (तो भाग ज्यात बसतो ती खोबण) ढिला होतो, स्नायूंचे इशारे टिपणारे इलेक्ट्रोड त्वचेवर नीट टेकत नाहीत आणि हात भलतीच पकड घेतो. नाशिकच्या एप्रिल-मेमध्ये घामाने तेच होतं. सॉकेट, लाइनर (आतलं अस्तर), ग्लोव्ह, बॅटरी, प्रत्येकाचं बिल तुमच्या नावे घ्या आणि उपचारखर्चात मागा. कृत्रिम पाय पाच-सहा वर्षं टिकतो म्हणून पुढच्या पायांचे आणि दुरुस्तीचे पैसे सर्वोच्च न्यायालयाने 2022 मध्ये वेगळे दिले, पण ते वाहन अपघाताच्या दाव्यात. अवयव तोच, तो रस्त्यावर गेला तर एक हिशेब, प्रेसखाली गेला तर दुसरा, आणि तोही 15,000 वर अडकलेला. हे बरोबर नाही, पण तुमचा दावा आजच्या कायद्यावरच चालणार.

नोटीस पाठवताना मुद्दल, अपघातापासून 12 टक्के व्याज (11,23,092 वर वर्षाला 1,34,771) आणि 50 टक्क्यांपर्यंतचा दंड, तिन्ही मागा. कंपनीचा विमा असेल तर विमा कंपनीलाही पक्षकार करा. मात्र दंड मालकाच्याच खिशातून येतो, आणि तडजोडीला बसताना तो याच आकड्याला घाबरतो. वकिलाच्या फीची काळजी असेल तर दिव्यांग व्यक्तीला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणात जा किंवा 15100 वर फोन करा. जाताना डिस्चार्ज कार्ड, अपघाताआधीच्या पगारपत्रिका, सिव्हिल हॉस्पिटलचा दिव्यांग दाखला, स्टॅम्पपेपरची प्रत आणि मेमो बरोबर न्या. स्टॅम्पपेपरची प्रत तुम्हाला दिलीच नसेल, तर ती मागणारं पत्र आधी टाका.