वाचकांचे प्रश्न: मंडईचा खर्च वाढला, पैसे येणार कुठून?

प्रश्न: माझी आई आमच्या भागातल्या जुन्या मंडईत भाजी विकते. मंडई पाडून नवी बांधायची आणि आजूबाजूचे रस्ते, फुटपाथ सगळंच सुधारायचं असा पालिकेचा प्रोजेक्ट आहे. आई तेव्हापासून पत्र्याच्या ट्रान्झिट शेडमध्ये बसतेय. कामाच्या बोर्डावर जी रक्कम होती तिच्यावर आता नवीन स्टिकर लावलाय आणि आकडा बराच मोठा झालाय, तारखेवर पण स्टिकर. काम पूर्ण व्हायच्या आधीच पैसे संपणार का आणि हा वाढलेला खर्च शेवटी आमच्याकडूनच वसूल करणार का?
(एक वाचक, गिरणगाव)

उत्तर: ताई, बोर्डावरचा स्टिकर तुम्ही बघितलात हे फार चांगलं केलंत, बहुतेक लोक तिथून रोज जातात आणि बोर्ड वाचतच नाहीत. आधीच्या आकड्याचा फोटो असेल तर जपून ठेवा, नसेल तर आत्ताच्या स्टिकरचा तरी काढा.

खर्च वाढतो तो सगळा एकाच कारणाने वाढत नाही आणि सगळी वाढ चुकीची पण नसते. अंदाजपत्रक होतं दरसूचीवरून, म्हणजे सिमेंट, सळई, मजुरी यांचे त्या वर्षीचे दर धरून, मग टेंडर निघायला वेळ, वर्क ऑर्डरला वेळ, जागा रिकामी व्हायला वेळ, आणि मोठ्या कामांच्या कंत्राटात भाववाढीची अट असते त्यामुळे मधे भाव चढले की फरक पालिकेला द्यावा लागतो. त्यात टॅक्स. सरकारी आणि पालिकेच्या बांधकाम कंत्राटांवरचा जीएसटी 18 जुलै 2022 पासून 12 वरून 18 टक्के झाला, म्हणजे एक वीट जास्त न लावता शंभर कोटींच्या कामाला सहा कोटी जास्त. ही वाढ कंत्राटदाराच्या खिशात जात नाही हे समजून घ्या.

दुसरी वाढ असते फेरफाराची, आणि खरं लक्ष तिथे द्यायला हवं. काम सुरू झाल्यावर ठरतं की एक मजला वाढवू, पार्किंग खाली घेऊ, खोदल्यावर जुनी पाण्याची लाईन आणि केबली निघतात त्या हलवा. मुंबईच्या समुद्रकिनाऱ्याने जाणाऱ्या कोस्टल रोडचंच बघा ना, काम 2018 मध्ये सुरू झालं, जुलै 2019 मध्ये हायकोर्टाच्या आदेशाने थांबलं, डिसेंबरमध्ये सुप्रीम कोर्टाने परत परवानगी दिली, मग वरळीच्या कोळी बांधवांनी सांगितलं की समुद्रातल्या पुलाच्या दोन खांबांमधलं 60 मीटर अंतर आमच्या बोटींना पुरत नाही, ते 120 मीटर केलं. 12,721 कोटींचा प्रोजेक्ट जवळपास 14 हजार कोटींवर गेला. त्यातला खांबांचा खर्च मला तरी योग्यच वाटतो, समुद्रावर पोट असणाऱ्यांचं ऐकायलाच हवं होतं, फक्त ते डिझाईन करतानाच ऐकलं असतं तर इतका वेळ आणि पैसा गेला नसता. तुमच्या मंडईतही ओटे किती, मालाचा टेम्पो कुठे लागणार, पाण्याचा निचरा कसा, हे भाजीवाल्यांना आणि कोळणींना आधी विचारलं होतं का ते आईला विचारा.

आता पैसे. मुंबई पालिका देशातली सगळ्यात श्रीमंत, 2025-26 चं बजेट 74,427 कोटींचं, त्यामुळे तुमची मंडई पैशाअभावी अर्धवट राहील असं मला वाटत नाही. पण चित्र पूर्वीसारखं राहिलेलं नाही. जकात, म्हणजे शहरात येणाऱ्या मालावरचा कर, होती तेव्हा रोज नाक्यावर रोख जमा व्हायची, ती जुलै 2017 मध्ये बंद झाली आणि तिच्या बदल्यात राज्याकडून भरपाई येते. 500 चौरस फुटांपर्यंतच्या घरांना 2022 पासून मालमत्ता कर माफ आहे, सामान्य माणसाला दिलासा मिळाला हे खरं पण तेवढं उत्पन्न गेलं हेही खरं. बँकेतल्या ठेवी 90 हजार कोटींच्या वर गेल्या होत्या त्या 2025 च्या सुरुवातीला 82 हजार कोटींच्या आसपास आल्या, आणि यातला मोठा भाग कर्मचाऱ्यांचा पीएफ, पेन्शन, कंत्राटदारांच्या अनामत रकमा असा बांधलेला आहे, तो उचलून रस्ता बांधता येत नाही. उलट हातात घेतलेल्या कामांची एकूण देणी दोन लाख कोटींच्या पुढे. म्हणून मला काळजी वाटते ती एका मंडईची नाही, मोठ्या कामांचे आकडे असेच वाढत गेले की कात्री लागते ती दवाखाना, शाळेची दुरुस्ती, मंडई अशा छोट्या कामांना.

वसुलीचं म्हणाल तर आईच्या ओट्याचं भाडं आणि अटी जुन्या परवान्यात आणि स्थलांतराच्या पत्रात काय लिहिल्यात ते आधी बघा, पात्र गाळेधारकांच्या यादीत तिचं नाव आहे का, किती फुटांचा ओटा लिहिलाय ते बघा. तोंडी आश्वासनावर बसू नका.

आणि माहितीचा अधिकार वापरा. अर्जाला 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एकच विषय, 150 शब्दांच्या आत, महाराष्ट्रात असा नियम आहे. "खर्च का वाढला" असं विचारू नका, "का" ला उत्तर देत नाहीत. मागा: मूळ अंदाजपत्रक, वर्क ऑर्डर, फेरफाराच्या मंजुरीची टिपणी, आतापर्यंत दिलेली बिलं. 30 दिवसांत उत्तर यायला हवं, नाही आलं तर पहिलं अपील, त्याला फी नाही म्हणतात पण महाराष्ट्रात 20 रुपयांचा स्टॅम्प लागतो.

प्रश्न: हे सगळं नगरसेवकाने बघायचं काम नाही का? आम्ही का अर्ज करत बसायचं?
(एक वाचक, माहीम)

उत्तर: त्यांचंच काम आहे. पण 7 मार्च 2022 ला नगरसेवकांची मुदत संपली आणि जानेवारी 2026 मध्ये निवडणूक होईपर्यंत जवळपास चार वर्षं प्रशासकाचा, म्हणजे सरकारने नेमलेल्या अधिकाऱ्याचा, कारभार होता, एरवी खर्चवाढीचा प्रस्ताव स्थायी समितीत, म्हणजे खर्चाला मंजुरी देणाऱ्या नगरसेवकांच्या समितीत, येतो, कोणीतरी उठून विचारतं, पेपरात छापून येतं, ते सगळं बंद होतं. त्या काळातले फेरफार आज कागदावर मंजूर आहेत. म्हणून अर्ज तुम्ही करा आणि मिळालेले कागद घेऊन तुमच्या नगरसेवकाकडे जा, प्रभाग समितीत विचारायला लावा.