जंगलाच्या मधून फक्त रस्ता किंवा रेल्वे गेली, बाकी जंगल शाबूत आहे. मग झाडांवर राहणाऱ्या प्राण्यांचं बिघडतं काय?

बरंच बिघडतं. गिबनसारखा (फांद्यांना लोंबकळत फिरणारा बिनशेपटीचा वानर) प्राणी जमिनीवर क्वचितच उतरतो, म्हणून त्याचं जंगल फांद्या जिथवर एकमेकींना भिडतात तिथवरच. आसाममधल्या होल्लोंगापार गिबन अभयारण्यातून 1887 पासून रेल्वे जाते. रुळांवर फांद्या जुळत नसल्याने दोन बाजूंचे हूलॉक गिबन एकमेकांपासून तुटले आहेत. गिबनच्या कुटुंबात सहसा एकच जोडी असते, पिल्लू वयात आलं की बाहेर पडतं. जंगलाच्या लहान तुकड्यात त्याने जायचं कुठे?

सगळ्यांना सारखाच फटका बसत नाही. ब्राझीलमध्ये मनाऊसजवळ 1979 मध्ये सुरू झालेल्या, जंगलाचे तुकडे झाल्यावर काय होतं ते पाहणाऱ्या प्रयोगात 10 हेक्टरच्या तुकड्यांत हाऊलर माकडं टिकली, स्पायडर माकडं नाहीशी झाली. हाऊलर पानांवर निभावतात; स्पायडर माकडांना पिकलेल्या फळांसाठी शेकडो हेक्टर फिरावं लागतं. पण नुसत्या आहारावरून अंदाज बांधू नका. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडचा लेम्युरॉइड रिंगटेल पोसम (झाडावर राहणारा, पिशवीत पिल्लू वाढवणारा प्राणी) मुख्यतः पानंच खातो, तरीही लहान तुकड्यांतून सगळ्यांत आधी तोच जातो, कारण तो जवळपास कधीच खाली उतरत नाही आणि त्याला जुनं जंगलच लागतं.

तुकडा आतूनही खराब होत जातो, आणि याकडे फार कमी लोक लक्ष देतात. कडेने वारा आणि कोरडी हवा शिरते. मनाऊसला कडेपासून 300 मीटरच्या आत मोठी झाडं आतल्या जंगलापेक्षा जवळपास तिप्पट वेगाने मेली. ढोल्या आणि भरपूर फळं याच झाडांवर असतात.

दोरांचे पूल उपयोगी पडतात, पण धीर धरावा लागतो. चीनच्या हैनान बेटावर 2014 च्या वादळात दरड कोसळून गिबनांच्या वाटेत सुमारे 15 मीटरची फट पडली. 2015 मध्ये तिथे गिर्यारोहणाचे दोन दोर समांतर बांधले. पहिला गिबन त्यावरून जायला सुमारे सहा महिने लागले. पूल प्राण्यांच्या नेहमीच्या वाटेवरच बांधावा. दोर खोडाला करकचून आवळू नये, खोड जाड होत जातं तसा तो सालीत रुततो आणि झाड वाळतं. उन्हापावसाने दोर कमकुवत होतो, म्हणून ताण आणि गाठी नियमित तपासाव्यात. जवळ उघड्या वीजतारा असतील तर आधी त्या आवरणाच्या करून घ्या. माकडं तारांनाही फांदीसारखीच धरतात आणि शॉक लागून मरतात. आणि पूल बांधतानाच दोन्ही कडांना उंच वाढणारी स्थानिक झाडं लावायला घ्या, कारण फांद्या जुळेपर्यंतच पुलावर भिस्त ठेवता येते.