वाचकांचे प्रश्न : गर्भातील हॉर्मोन्स आणि मुलीचा लैंगिक कल

प्रश्न : माझी मुलगी २४ वर्षांची आहे. लहानपणापासून तिला फ्रॉक नकोसा वाटे, केस बारीक ठेवायचे असत आणि खेळायला मुलगेच लागत. आपल्याला मुलीच आवडतात, असे तिने नुकतेच घरात सांगितले. तिच्या वेळी तिसऱ्या महिन्यात रक्तस्राव झाल्यामुळे मला प्रोजेस्टेरॉनची इंजेक्शने दिली होती. त्यामुळेच हे झाले का? तिचे हॉर्मोन तपासून उपचार करावेत, असे नातेवाईक म्हणतात.
— एक आई, सातारा

उत्तर : ताई, त्या इंजेक्शनांमुळे हे घडले असे मानण्यास आधार नाही. प्रोजेस्टेरॉन हे गर्भ टिकवणारे हॉर्मोन गरोदरपणात वारेतून मोठ्या प्रमाणावर स्रवतच असते. १९५०च्या दशकात वापरल्या गेलेल्या काही कृत्रिम औषधांमध्ये पुरुषी हॉर्मोनचा गुण होता आणि त्यामुळे काही नवजात मुलींच्या जननेंद्रियांत फरक दिसले. प्रोजेस्टेरॉनमध्ये मात्र तसा गुण नाही.

गर्भातील हॉर्मोन्सचा पुढच्या आवडीनिवडींवर काही परिणाम होतो, हे तुमच्या प्रश्नामागचे शास्त्र मात्र खरे आहे. ‘कंजेनायटल अ‍ॅड्रिनल हायपरप्लेसिया’ या जन्मजात विकारात, जो जगभरात साधारण १५,००० जन्मांमागे एकात आढळतो, मूत्रपिंडावरच्या अ‍ॅड्रिनल ग्रंथी गर्भावस्थेपासूनच अ‍ॅन्ड्रोजेन, म्हणजे पुरुषी हॉर्मोन, जास्त प्रमाणात बनवतात. शेरी बेरेनबॉम आणि मेलिसा हाइन्स यांनी १९९२ मध्ये दाखवले की अशा मुली मोटारी आणि ठोकळे यांच्याशी इतर मुलींपेक्षा जास्त वेळ खेळतात. मोठेपणी स्त्रियांकडे आकर्षित होणाऱ्यांचे प्रमाणही त्यांच्यात अधिक आढळते. पण, आणि हे तुम्ही नीट लक्षात घ्यावे, त्यांच्यातल्या बहुसंख्य स्त्रियांना पुरुषच आवडतात. गर्भातील अ‍ॅन्ड्रोजेनचा प्रभाव खेळाच्या आवडीवर ठळक आणि लैंगिक कलावर त्यामानाने फिका दिसतो, म्हणजे या दोन गोष्टी एकाच दोरीने बांधलेल्या नाहीत. मुलांसारखे कपडे घालणाऱ्या कितीतरी मुली पुढे आनंदाने पुरुषाशी संसार करतात आणि स्त्रीवर प्रेम करणाऱ्या अनेक जणी साडी-दागिन्यांच्या हौशी असतात. तुमच्या मुलीच्या बारीक केसांत तिच्या प्रेमाचे कारण शोधू नये, असे मला वाटते ते यासाठी.

गर्भातील अ‍ॅन्ड्रोजेनची छाप बोटांच्या लांबीवर उमटते असे मानून, त्यावरून कल ओळखता येतो, असे हल्ली बरेच ऐकू येते. कॅलिफोर्नियातील बर्कलीच्या संशोधकांनी २००० मध्ये समलिंगी स्त्रियांच्या तर्जनी आणि अनामिकेच्या लांबीचे गुणोत्तर सरासरीने किंचित पुरुषांकडे झुकते, असे नोंदवले होते. २००२ च्या पुढच्या अभ्यासात तो फरक मुख्यतः स्वतःला पुरुषी ढंगाच्या म्हणवणाऱ्या स्त्रियांमध्ये दिसला. हे फरक गटांच्या सरासरीतले आहेत आणि दोन्ही गटांतली बहुतेक मापे एकमेकांत मिसळलेली असतात, त्यामुळे एखाद्या मुलीचा हात पाहून काहीही सांगता येत नाही. २०१९ मध्ये जवळपास पाच लाख लोकांच्या जनुकांचा अभ्यास झाला, त्यातही समलिंगी वर्तन ठरवणारे एखादे एकटे जनुक सापडले नाही. अनेक बारीक जैविक आणि इतर घटक मिळून हा कल घडत असावा. त्या गुंत्यातून एका आईचे एक इंजेक्शन वेगळे काढून त्यावर बोट ठेवणे शास्त्राला मान्य नाही, आणि तुम्ही ते ओझे वाहणे मला अन्यायाचे वाटते.

आता तपासणीविषयी. रक्तातील हॉर्मोनच्या पातळीवरून कल कळत नाही आणि हॉर्मोन देऊन तो बदलतही नाही. जागतिक आरोग्य संघटनेने १९९० मध्येच समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढली. कल ‘बदलण्याचे’ उपचार करणे हे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये व्यावसायिक गैरवर्तन ठरवले आहे. नातेवाइकांनी सुचवलेला डॉक्टर असे उपचार देऊ करत असेल, तर त्याला स्पष्ट नकार द्यावा. मुलीची पाळी अनियमित असेल किंवा चेहऱ्यावर जास्त केस येत असतील, तर तिच्या संमतीने स्त्रीरोगतज्ज्ञांना जरूर दाखवा, पण ते फक्त त्या तक्रारींसाठी.